अक्रोपोलिसचा पाडलेला मनोरा

पुढील पानावर दिलेले छायाचित्र अथेन्सच्या अक्रोपोलिसचे आहे, हे सांगण्याचीही खरे पाहता आवश्यकता नाही. कारण शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकापासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपर्यंत या खडकाचे आणि त्याच्या माथ्यावरील स्तंभपंक्तीचे चित्र इतक्या वेळा आपल्या डोळ्यांखालून गेलेले असते, की ग्रीस देश नकाशात नेमका कोठे आहे हे ज्याला सांगता येणार नाही, तोही पार्थेनॉन पाहताक्षणी ओळखतो. मात्र याच ओळखीच्या भरवशावर जो वाचक हे छायाचित्र न्याहाळू लागेल, तो क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही. उजवीकडे पार्थेनॉन आहे. त्याची पश्चिमेची बाजू शाबूत आणि दक्षिणेची लांब ओळ मध्यभागी भगदाड पडल्यासारखी खंडित, हेही अपेक्षेप्रमाणेच आहे. खाली उतारावर हेरोदेस अत्तिकसने बांधलेल्या रोमन प्रेक्षागृहाच्या कमानी आहेत. पण डाव्या अंगाला, आजच्या चित्रांत जेथे नुसते आकाश असते तेथे, एक उंच, चौकोनी, निरलंकार मनोरा उभा आहे. आणि त्याची उंची अशी, की पेरिक्लीसच्या काळचे ते जगप्रसिद्ध महाद्वार त्याच्या पायथ्याशी एखाद्या वाड्याच्या ओसरीसारखे दिसावे. हा मनोरा आज नाही. तो कोणी बांधला, कोणी पाडला आणि पाडणाऱ्यांनी काय मिळवले, याची हकीकत माहीत असल्यावाचून हे छायाचित्र पाहिले, तर त्यातला अर्धाअधिक अर्थ हातून निसटतो. म्हणूनच प्रस्तुत प्रस्तावनेचा हा विस्तार.

छायाचित्रकार विल्यम जेम्स स्टिलमन हा अमेरिकन गृहस्थ. हा पेशाने छायाचित्रकार नव्हताच. आरंभी तो चित्रकार होता; १८५५ मध्ये न्यूयॉर्कहून त्याने ‘द क्रेयॉन’ नावाचे कलाविषयक नियतकालिक काढले; पुढे अमेरिकेचा वकील (कॉन्सल) म्हणून प्रथम रोममध्ये आणि त्यानंतर क्रीट बेटात त्याची नेमणूक झाली. क्रीट तेव्हा तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होते, आणि १८६६ मध्ये तेथील ख्रिस्ती प्रजेने बंड पुकारले, तेव्हा या वकिलाने आपल्या हुद्द्याला साजेसा तटस्थपणा न पाळता बंडखोरांची बाजू उघडपणे घेतली. त्याचे फळ त्याला मिळाले. बेट सोडून कुटुंबासह तो अथेन्सला आला, आणि तेथे १८६९ मध्ये त्याच्या पत्नीने आत्महत्या केली. संसाराची अशी वाताहत झालेली असतानाच्या त्या काळात हा मनुष्य कॅमेरा, काचा आणि रसायने घेऊन अक्रोपोलिसवर जात राहिला, आणि १८७० मध्ये लंडनहून त्याने आपल्या छायाचित्रांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, तो या खडकाविषयी एकोणिसाव्या शतकात निघालेल्या उत्कृष्ट संग्रहांपैकी एक म्हणून आजही मानला जातो. त्याच्या चित्रांत चित्रकाराची नजर आणि दस्तऐवज तयार करणाऱ्याची चिकाटी या दोहोंचा असा संयोग आढळतो, की पुष्कळदा यांपैकी कोणती प्रबळ आहे हे सांगणे कठीण जावे.

येथे मराठी वाचकाला एका गोष्टीचे स्मरण करून दिले तर ते अस्थानी होणार नाही. छायाचित्रणाची विद्या युरोपात १८३९ मध्ये जाहीर झाली, आणि मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ १८५४ मध्येच स्थापन झाले; भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींतले एक अग्रगण्य सभासद. त्याच्या पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने कॅप्टन बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारतींची छायाचित्रे घेण्याच्या कामगिरीवर पाठविले. म्हणजे स्टिलमन अथेन्सच्या खडकावर आपली तिपाई रोवीत होता त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या देवळांची आणि तटबंदीची छायाचित्रे निघू लागली होती. या बाबतीत आपण युरोपच्या मागे एक पिढी होतो, असा जो समज रूढ आहे त्याला आधार नाही.

अक्रोपोलिसची पहिली छायाचित्रे तर त्याहूनही जुनी आहेत. १८३९ च्या शरद ऋतूत, म्हणजे दागेरची छायाचित्रणाची कृती प्रसिद्ध होऊन दोन-तीन महिने उलटतात न उलटतात तोच, जोली द लोत्बिनिएर नावाचा प्रवासी तिचे साहित्य घेऊन अथेन्सला पोहोचला होता. त्याने घेतलेल्या पार्थेनॉनच्या चित्रावरून पुढे जो ठसा कोरण्यात आला, त्यात मोडक्या स्तंभांच्या मध्यभागी एक लहानशी मशीद दिसते. ती मशीद १८४२-४३ च्या सुमारास काढून टाकण्यात आली. त्याच सुमारास जिरो द प्रांझे हा फ्रेंच गृहस्थ तेथे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवर चित्रे घेत होता. सारांश, या खडकावरील उत्तरकालीन इमारती एकामागून एक नाहीशा होण्याचा काळ आणि कॅमेऱ्याच्या बाल्याचा काळ हे दोन्ही एकच आहेत, आणि हा योगायोग नसता तर आजच्या इतिहासकाराच्या हाती फारच थोडे उरले असते.

कॅमेऱ्याच्या पूर्वजाचीही एक गोष्ट या ठिकाणी सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड डॉडवेल हा इंग्रज प्रवासी अक्रोपोलिसची रेखाचित्रे काढण्यासाठी काळोख्या पेटीचा उपयोग करीत असे. तिच्यात भिंगातून आलेली प्रतिमा कागदावर पडते आणि चित्रकाराने तीवरून नुसती पेन्सिल फिरवायची असते. किल्ल्याचा तुर्क किल्लेदार हा नजराण्याचा लोभी. परदेशी प्रवाशाला आत सोडण्याबद्दल काही तरी उकळल्यावाचून तो कोणाची वाट मोकळी करीत नसे, आणि एकदा दिलेली मोकळीक दुसऱ्या दिवशी त्याला आठवत नसे. एके दिवशी त्याने त्या पेटीत डोकावून पाहिले, तो कागदावर किल्ला उभा, आणि त्यातून त्याचेच शिपाई चालत जाताहेत! दाढी कुरवाळीत तो ईश्वराचे नाव घेऊ लागला. डॉडवेलने प्रसंग ओळखून त्याला बजावले, की यापुढे त्रास दिलास तर तुलाही याच पेटीत कोंडून टाकीन आणि मग बाहेर निघणे तुला साधायचे नाही. त्या दिवसापासून किल्लेदाराने त्याच्या वाटेला जाण्याचे सोडले. किल्लेदार घाबरला तो अज्ञानाने, हे खरे. पण त्याचा तो किल्ला, त्याची शिबंदी, बायकामुलांसह राहणाऱ्या शिपायांची ती घरे आणि परसबागा, हे सारे जग पुढे चाळीस वर्षांच्या आत खडकावरून पुसले गेले, आणि कोंडून ठेवणाऱ्या पेटीतच काय ते शिल्लक राहिले, हे ध्यानात घेता त्याची भीती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही.

आता मूळ वास्तूंकडे वळू. पार्थेनॉनचे बांधकाम ख्रिस्तपूर्व ४४७ मध्ये सुरू झाले आणि ४३२ मध्ये शिल्पकामासह पूर्णत्वास गेले; इक्तिनोस आणि कल्लिक्रातेस हे त्याचे स्थपती, आणि फिडियस हा शिल्पांचा सूत्रधार. म्नेसिक्लेसने महाद्वार उभारण्यास आरंभ केला तो ४३७ मध्ये, आणि युद्ध तोंडावर आल्यामुळे ते त्याला मनासारखे पुरे करता आले नाही. महाद्वाराच्या उजव्या हाताच्या बुरुजावर विजयदात्री अथेना, म्हणजे अथेना नीके, हिचे इवलेसे देवालय. पुढे चार आणि मागे चार स्तंभ, बस. हे सारे उणेपुरे अर्धशतकाचे काम. यानंतरची दोन हजार वर्षे मात्र इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून दोन वाक्यांत आटोपली जातात, आणि मीही ती फार लांबवणार नाही. पार्थेनॉनचे ख्रिस्ती मंदिर झाले. १२०४ नंतर अथेन्स बुर्गुंडीहून आलेल्या द ला रोश घराण्याच्या हाती गेले. १३११ मध्ये कातालान भाडोत्री फौजेने ते जिंकले. १३८८ मध्ये फ्लोरेन्सच्या आच्चायुओली घराण्याने बालेकिल्ला हस्तगत केला. आणि १४५८ मध्ये तेथे तुर्की निशाण चढले. कातालान लोकांचा धनी अरागोनचा राजा चौथा पेद्रो याने १३८० मध्ये अक्रोपोलिसच्या बंदोबस्तासाठी बारा तिरंदाजांची मंजुरी देताना या स्थळाची जी मुक्तकंठाने प्रशंसा केली, ती प्रसिद्ध आहे. बारा तिरंदाज! एवढ्या स्तुतीच्या शेवटी मंजूर झालेली शिबंदी बाराच असावी, यात जगातील यच्चयावत दफ्तरांचा स्वभाव पुरेपूर दिसून येतो.

वस्तुतः या साऱ्या मालकांच्या दृष्टीने अक्रोपोलिस म्हणजे देवालय नव्हे, तर किल्ला होता. आच्चायुओलींनी महाद्वारात आपला राजवाडा थाटला; तुर्कांनी तेथेच दारूखाना ठेवला, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास त्यावर वीज पडून त्या इमारतीचा काही भाग उडाला. त्यापासून कोणी धडा घेतला नाही. १६८७ मध्ये व्हेनिसच्या आरमाराचा सेनापती मोरोसिनी याने अथेन्सला वेढा घातला, तेव्हा तुर्कांनी दारूगोळा आणि बायकापोरे पार्थेनॉनमध्येच नेऊन ठेवली. आणि २६ सप्टेंबरच्या सायंकाळी व्हेनिसकरांचा एक तोफगोळा छत फोडून आत पडला. सुमारे तीनशे माणसे मेली, दक्षिणेच्या ओळीतले सहा आणि उत्तरेच्या ओळीतले आठ स्तंभ आडवे झाले. छायाचित्रात जे भगदाड दिसते ते हे. उत्तरेचे स्तंभ विसाव्या शतकात बालानोस या अभियंत्याने पुन्हा उभे केले, त्यामुळे आजच्या प्रवाशाला हानीची पूर्ण कल्पना येत नाही. स्टिलमनच्या चित्रात मात्र ती येते. परंपरा असे सांगते, की तो गोळा नैर्ऋत्येच्या फिलोपाप्पोस टेकडीवरून सुटला. आणि हे छायाचित्रही त्याच टेकडीवरून घेतलेले आहे. याच सुमारास आपल्याकडे औरंगजेबाने गोवळकोंडा फितुरीने घेतला होता आणि संभाजी महाराजांच्या राज्यावर सारी मोगलाई कोसळण्याच्या बेतात होती, हे लक्षात घेतले म्हणजे मराठी वाचकाला तो काळ परका वाटत नाही.

एवढा विध्वंस करून मिळवलेला किल्ला व्हेनिसकरांना पुढचे वर्षभरही राखता आला नाही. जाताना मोरोसिनीने पश्चिमेकडील शिल्पसमूहातले घोडे काढून नेण्याचा घाट घातला, आणि ते खाली पडून त्यांचा चुराडा झाला. लॉर्ड एल्गिनने फर्मानाच्या बळावर पुढे तेथली शिल्पे कशी काढून नेली ते सर्वश्रुत आहे.

वास्तविक मला अधिक रस आहे तो नीकेच्या देवालयाच्या हकीकतीत, कारण देवालय आणि तटबंदी यांच्या नात्याविषयी ती जे सांगते ते एखाद्या ग्रंथानेही सांगितले नसते. १६७६ मध्ये स्पॉन आणि व्हीलर हे दोन प्रवासी अथेन्सला गेले, तेव्हा हे देवालय उभे होते. दहा वर्षांनी व्हेनिसकर येणार अशी आवई उठताच तुर्कांनी ते उतरवून काढले आणि त्याच्या दगडांनी महाद्वारापुढे तोफांचा मोर्चा बांधला. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत आलेल्या प्रवाशांना ते देवालय कोठेच उभे दिसले नाही. ते समूळ नष्ट झाले असेच सर्व जण धरून चालले. पुढे ग्रीस स्वतंत्र झाला, अथेन्सला राजधानी आली, आणि १८३५ मध्ये लुडविग रॉस हा जर्मन पंडित शाउबर्ट आणि हान्सेन या दोन स्थपतींसह तो मोर्चा पाडू लागला. तो काय आश्चर्य, देवालयाचे जवळजवळ सारे अवयव मोर्च्याच्या पोटातून एकामागून एक बाहेर आले. पायऱ्या, स्तंभांचे तुकडे, शिरोभाग, कोरीव पट्टी. त्या पट्टीच्या चार शिळा तेवढ्या एल्गिनने आधीच काढून विलायतेला नेल्या होत्या. वर्षभरात देवालय जागच्या जागी पुन्हा उभे राहिले. (त्यानंतर विसाव्या शतकात एकदा आणि एकविसाव्याच्या आरंभी एकदा ते उतरवून पुन्हा रचावे लागले आहे, कारण आधीच्या दुरुस्त्यांत दोष राहिले होते.) आता या प्रकरणी तुर्क तोफखान्याला काय म्हणावे? देवालय त्यांनी मोडले, यात वाद नाही. परंतु १६८७ चा स्फोट, एल्गिनची माणसे, चुना भाजणाऱ्यांच्या भट्ट्या आणि स्वातंत्र्ययुद्धातले दोन वेढे, या सर्वांतून ते दगड सुखरूप राहिले, ते मोर्च्याच्या भिंतीत चिणले गेले होते म्हणूनच. मोडणारा हात आणि राखणारा हात येथे एकच होता.

आता मनोरा. सुमारे २६ मीटर उंच, तळाशी अदमासे पावणेनऊ मीटर लांब आणि पावणेआठ मीटर रुंद, पायथ्याच्या भिंतींची जाडी पावणेदोन मीटर. पेंटेली पर्वताचा संगमरवर आणि पिरेयसचा दगड, तोही बहुतांशी जुन्या इमारतींतून काढलेला. आत लाकडी जिने. तो आच्चायुओलींचा की त्यांच्या आधीच्या द ला रोश सरदारांचा, यावर पंडितांत एकमत नाही, आणि आता बहुधा होणारही नाही. कारण ज्या खुणांवरून ते ठरवता आले असते त्या मनोऱ्याबरोबरच गेल्या. तुर्की अमदानीत तो मिठाचे कोठार होता, तुरुंग होता. स्वातंत्र्ययुद्धातही त्याचा तुरुंग म्हणून उपयोग झाला, आणि तो ग्रीकांनी एका ग्रीकासाठीच केला. ओदिस्सेअस आंद्रूत्सोस हा त्या युद्धाच्या पहिल्या वर्षातला नामांकित वीर. १८२२ मध्ये किल्ला ग्रीकांच्या हाती आल्यावर खडकाच्या कुशीतला क्लेप्सिद्रा नावाचा झरा सापडला, तेव्हा वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून त्याने त्याभोवती बुरूज बांधून घेतला होता. पुढे शत्रूशी संधान बांधल्याचा आरोप त्याच्यावर आला, त्याच्याच हाताखाली वाढलेला गूरास किल्ल्यावर अधिकारी झाला होता, आणि १८२५ च्या जून महिन्यात एका सकाळी आंद्रूत्सोसचे प्रेत या मनोऱ्याच्या पायथ्याशी पडलेले आढळले. दोरावरून पळून जाताना दोर तुटला, असे जाहीर करण्यात आले. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही, आणि बसण्याचे कारणही नव्हते. ज्याला नव्या राष्ट्राचा इतिहास, त्याच्या शौर्यासह आणि त्याच्या फितुरीसह, दगडात वाचायचा असेल, त्याला या मनोऱ्याइतके बोलके स्थळ त्या खडकावर दुसरे नव्हते.

मनोरा पाडला गेला १८७४-७५ च्या सुमारास. खर्च दिला हाइनरिश श्लीमान याने, ज्याने ट्रॉयच्या टेकडीत चर खणून जगाला चकित केले होते तोच हा. आणि खालच्या थरातल्या होमरकडे पोहोचण्याच्या घाईत वरचे थर उपसून फेकून देण्याची जी सवय त्याला तेथे जडली होती, तिचाच हा पुढचा प्रयोग म्हणावा लागेल. ग्रीक पुरातत्त्व मंडळाची त्याला संमती होती. आक्षेप घेणारे निघाले, नाही असे नाही. इंग्लंडमध्ये फ्रीमन या इतिहासकाराने या कृत्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. परंतु पाडणारांच्या मनात शंकेला जागा नव्हती. त्यांच्या दृष्टीने पेरिक्लीसचे शतक तेवढे खरे आणि नंतरचे सारे त्यावर साचलेली धूळ. १८३४ मध्ये राजा ओथोनच्या समक्ष बव्हेरियन स्थपती लेओ फोन क्लेंत्सेने पार्थेनॉनमध्ये जीर्णोद्धाराच्या कामाचा समारंभ केला, तेव्हाच या धोरणाची मुहूर्तमेढ रोवली गेली. आणि १८८५ ते १८९० या काळात काव्वादियासने मूळ कातळ लागेपर्यंत सगळा माथा खणून काढला, तेव्हा ते पूर्णत्वास गेले. आंद्रूत्सोसचा बुरूजही त्याच धडाक्यात, १८८८ मध्ये, गेला.

या धोरणामागची भावना मला समजते, आणि तिची टवाळी करण्याची इच्छा नाही. चार शतकांच्या परक्या अमलातून नुकत्याच सुटलेल्या लोकांना मशीद आणि तुरुंगाचा मनोरा आपल्या सर्वांत पवित्र स्थळी नकोसा वाटावा, हे आपल्याला तरी अनैसर्गिक वाटू नये. पण ज्या तत्त्वाचा तेथे आधार घेतला गेला, ते तत्त्व त्याच खडकावर क्षणभरही टिकत नाही. अक्रोपोलिसच्या उत्तरेच्या तटाकडे खालच्या शहरातून पाहिले असता भिंतीत ओळीने बसवलेले प्रचंड गोल दगड दिसतात. ते स्तंभांचे तुकडे आहेत. पार्थेनॉनच्या जागी त्याच्या आधी एक देवालय बांधले जात होते. ख्रिस्तपूर्व ४८० मध्ये इराणी फौजांनी ते जाळले, आणि परत आलेल्या अथेन्सकरांनी त्याच्याच दगडांनी तट उभारला. भग्न देवालयाची तटबंदी करण्याचा शिरस्ता या खडकावर पाडला तो पश्चिम युरोपातून आलेल्या फ्रँक सरदारांनी नव्हे आणि तुर्कांनीही नव्हे, तर थेमिस्तोक्लेसच्या पिढीने. त्या भिंतीपुढे आज प्रवासी टोपी काढून उभा राहतो. दुसरे उदाहरण पश्चिमेच्या दरवाजाचे. १८५२ मध्ये ब्यूले या फ्रेंच पंडिताने तुर्की बुरूज फोडून जे प्रवेशद्वार उघडकीस आणले आणि जे आज त्याच्याच नावाने ओळखले जाते, तेही एका जुन्या स्मारकाचे दगड काढून रोमन काळाच्या उत्तरार्धात बांधलेली तटबंदीच आहे. ते राखले गेले. मग मनोऱ्याचा अपराध कोणता? तो परकीयांचा होता आणि पुरेसा जुना नव्हता, एवढाच. दगडाची चोरी हजार-पंधराशे वर्षांची झाली, की तिला पुरातत्त्व म्हणतात.

आपल्याकडे असाच प्रश्न दौलताबादच्या किल्ल्यात उभा राहतो. कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या वेळी, १३१८ मध्ये, देवळांच्या स्तंभांवर तेथे मशीद बांधली गेली, आणि विसाव्या शतकात तिच्यात भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. त्या सभामंडपात उभा राहणारा मनुष्य यादव, खिलजी आणि आजचे लोकराज्य या तिघांच्या मध्ये उभा असतो, आणि त्यांतले कोणतेही एक काढून घेतले तरी ती वास्तू अपुरी होते. तिचा न्याय लावण्याचा मोह ज्याला होईल त्याने आधी अथेन्सच्या मनोऱ्याची हकीकत वाचावी, असे मला वाटते.

नीकेचे देवालय परत मिळवून देणारा मोर्चा पाडला गेला, ते योग्यच झाले. तेथे एक इमारत जाऊन दुसरी, अधिक मोलाची, हाती आली. मनोरा पाडून मात्र एकही देवालय परत मिळाले नाही. आणि गुन्हा पाडण्यात आहे त्याहून अधिक, पाडण्यापूर्वी रीतसर आलेखन न करण्यात आहे. नीट नकाशे नाहीत, दर थराची टिपणे नाहीत, कोणता दगड कोठे बसला होता त्याची यादी नाही. पुढच्या शतकात ज्या अभ्यासकांना या इमारतीचा विचार करावासा वाटला, त्यांना स्टिलमनच्या छायाचित्रांचाच आधार घ्यावा लागला.

एक सावधगिरीची सूचना मात्र द्यायला हवी. या छायाचित्रात आपल्याला पूर्वीचा किल्ला जसाच्या तसा सापडला, असे समजू नये. चित्र घेतले गेले तेव्हा मशीद गेली होती, शिपायांची घरे गेली होती. दक्षिणेच्या तटाखाली मातीचे जे फिकट ढीग घसरलेले दिसतात, तो वरून साफसफाई करून कड्यावरून लोटून दिलेला राडारोडा आहे. हे अर्ध्यावर आलेल्या कामाचे चित्र आहे. आकाश पांढरेफटक आहे ते ढगांमुळे नव्हे. त्या काळच्या काचेवरील लेपाला निळा प्रकाश प्रमाणाबाहेर जाणवत असे, त्यामुळे निरभ्र आकाशही कोरे उमटे. मनोऱ्याच्या कडा त्या कोऱ्या पार्श्वभूमीवर कापून काढल्यासारख्या दिसतात, आणि म्हणूनच भिंग लावले असता वरच्या अंगाचे दगडांचे थरही काही अंशी वेगळे ओळखता येतात. दक्षिणेच्या तटाला बाहेरून दिलेले धीरेही पाहावेत. ते आजही जागेवर आहेत, कारण ते काढले तर तट ढासळेल.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत, गावची वेस, पडकी गढी, नदीचा घाट, किंवा आता रस्तारुंदीत गेलेले एखादे देऊळ मागे दिसत असलेली जुनी छायाचित्रे असतील. बहुधा पुढे उभ्या असलेल्या माणसांसाठीच ती जपली गेली असतील. त्या माणसांना ओळखणारे कोणी हयात आहे तोवर त्या छायाचित्रांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने स्थळ आणि अंदाजाने का होईना साल लिहून ठेवावे, आणि मागची इमारत कोणती तेही लिहावे.